फिरकीचं झाकण

जे आता लिहितो आहे ते मी बाबूजींना सांगितलं नाही, मायला सांगितलं नाही, आणि लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बायकोलाही नाही. आमची मोटार त्या दिवशी अड्याळच्या पुढे बंद पडली ती श्रावणमुळे नव्हे. माझ्यामुळे. श्रावणचं नाव गेलं, गाव सुटलं, आणि ते होत असताना मी त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, तोंडात तांदूळ घेऊन.

गेल्या आठवड्यात भंगारवाला आला होता. आसगावच्या घरी गोठ्यामागे ती काळी मोटार दहा-एक वर्षांपासून उभी आहे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात, पायदानातून तरोट्याची रोपं वर आली आहेत. भंगारवाल्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टपावर थाप दिली, आणि मागच्या बाजूला पेट्रोलच्या टाकीपाशी येऊन थांबला. झाकणावरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली.

"हे त पितळ होय जी," तो म्हणाला. "हे वेगळं तोलू."

"ते राहू दे," मी म्हणालो.

"काहून जी? बाकी सगळं देता, आन् झाकण ठेवता?"

तो गेल्यावर मी झाकण फिरवून काढलं. अजूनही ते तितक्याच सफाईने फिरतं. टाकीत पेट्रोलचा वास नव्हता, नुसता गंज. पण त्या गंजाच्या वासामागून दुसरा वास आलाच: पेट्रोल, गरम रबर, आणि खळ्यावरच्या नव्या धानाचा तो कोंदट, गोडसर वास, जो कार्तिकात आमच्या घराच्या भिंतींनाही लागायचा.

मोटार आली तेव्हा आमच्या भागात बैलांच्या डोळ्यांना अशा वस्तूची सवय नव्हती. नागपूरच्या कुणा डॉक्टरने वापरून जुनी केलेली, पण बाबूजींनी तिला नव्या सुनेसारखी घरात घेतली. दसऱ्याला नांगर-वखरासोबत तिची पूजा. पोळ्याला तर कहरच व्हायचा. गावातल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहत, आणि रांगेच्या शेवटी आमची मोटार, बॉनेटवर झूल, आरशाला बेगड. म्हातारी माणसं हसायची. "हिले पुरणपोळी कोणत्या तोंडानं चारता जी?" कुणी तरी दरसाल विचारायचं. आणि श्रावण दरसाल तेच उत्तर द्यायचा, "हिचं तोंड मांगून हाय, मामाजी."

श्रावण आमचा ड्रायव्हर. तिशीतला, काटक, जंगलाच्या ठेकेदाराच्या ट्रकवर गाडी शिकलेला. अक्षरओळख बेताची, पण मोटारीपुढे मान तिरकी करून उभा राहिला की वाटायचं, वैद्य नाडी बघतो आहे. हिवाळ्याच्या सकाळी ती सहसा सेल्फवर उठायची नाही. मग तो सीटखालून लोखंडी हँडल काढायचा, पुढून आत घालायचा, अर्धा फेरा हळू, अर्धा फेरा झटक्यात. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला मोटार खोकायची, निळा धूर सोडायची आणि सारं अंगण थरथरू लागायचं. मला त्यानेच शिकवलं.

"अंगठा भायेर ठेवा, बापू. बोटाईच्या बाजूनं. अंगठा आत घेतला का हे उलटी फिरते आन् मनगट मोडते. जनावर जसं शिंग मारते तसं."

अजूनही कुठलीही मूठ धरताना माझा अंगठा आपोआप बाहेर राहतो.

बाबूजींबद्दल लिहिताना हात अडतो. ते वाईट नव्हते. पण संशय हा त्यांना शहाणपणाचा भाग वाटायचा, जसा काहींना देवधर्म वाटतो. आमच्याकडे खळ्यावर धानाची रास लागली की तिच्यावर राखेचे ठसे उठवायची रीत आहे. लाकडी ठसा राखेत बुडवायचा आणि राशीच्या अंगावर चहूबाजूंनी दाबायचा. कुणी हात घातला की धान घसरतं, ठसा मोडतो, आणि मालकाला कळतं. बाकीचे शेतकरी आठ-दहा ठसे मारत. बाबूजी रास दिसेनाशी होईपर्यंत मारत, आणि सकाळी चूळ भरायच्या आधी ते बघायला जात. आयुष्यभर त्यांचा एकही ठसा मोडला नाही. तरी ते बघायचे, आणि न मोडलेला ठसा पाहून त्यांना आनंद व्हायचा नाही, उलट थोडं चुकल्यासारखं वाटायचं.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा, भंडाऱ्याच्या कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला दोनदा आपटून घरी बसलेला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच: दंडारीच्या नाचाचा ढोल, पाटलांच्या ओट्यांवर पाहुणे, उसाच्या मोळ्या, भज्यांच्या कढया. शहापूरच्या मंडईला जायचं मी ठरवलं होतं. बाबूजींना सांगितलं, कॉलेजातून दाखला आणायचा आहे. श्रावण दोन दिवस सासुरवाडीला गेला होता. मोटार मी एकट्याने काढली. मंडईला पायी गेलो असतो तर कुणी विचारलं नसतं. पण मला मोटारीतून उतरताना दिसायचं होतं.

मोठ्या रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल घेतलं. झाकण काढून मडगार्डवर ठेवलं, आणि तिकडून ढोल ऐकू येत होता, म्हणून तसंच विसरून निघालो. मंडईत काय पाहिलं ते आज काहीच आठवत नाही. आठवतं ते परतताना टाकीच्या तोंडावर दिसलेलं काळं भोक. रस्ता दोनदा धुंडाळला. झाकण मिळालं नाही.

भंडाऱ्याला पितळेचं काम करणाऱ्यांची आळी आहे. तेव्हा तर पहाटेपासून तिथं ठोके पडायचे, आणि गल्लीत शिरलं की कोळसा आणि चिंचेच्या पाण्याचा आंबूस वास नाकात बसायचा. दुसऱ्या दिवशी दाखल्याचंच निमित्त सांगून एका म्हाताऱ्या कारागिराच्या पुढ्यात मी गाडी उभी केली.

"कायचं झाकण पायजे?"

"मोटारच्या टाकीचं."

"मोटारचं?" त्याने चष्मा कपाळावर सारला. "लोट्याचं केलो, डब्याचं केलो, देवाच्या पेटीचं केलो. मोटारचं आजवर नाही केलो."

त्याने टाकीच्या तोंडात बोट घालून फिरवलं, काडीने माप घेतलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर एक हट्ट उतरला. सारी दुपार मी त्याच्या भात्याजवळ बसून होतो. त्याने झाकणाला फिरकी पाडली, प्रवासाच्या तांब्याला असते तशी, आत सायकलच्या ट्यूबची चकती बसवली, कड घासली, पुन्हा बसवून पाहिलं, पुन्हा घासली. शेवटी झाकण बसलं तेव्हा आवाजही झाला नाही.

"आता गाडी उलटी टांगा," तो म्हणाला. "थेंब पडला त माझं नाव बदलवा."

इतकं सुंदर झाकण मी पुन्हा पाहिलं नाही. तेच त्याचं पाप होतं.

श्रावण परत आला आणि पहिल्याच सकाळी गाडी पुसताना थांबला. बाजारातल्या डाळीत खडा दिसावा तसा तो झाकणाकडे बघत होता.

"हे कुठचं जी, बापू?"

मी सगळं सांगितलं. मंडईचंही. "बाबूजीले नको सांगू, श्रावणभाऊ."

"मी कायले सांगू? विचारलंच त म्हणीन, जुनं झिजलं होतं, मीच बदलवलो." त्याने झाकण फिरवून पाहिलं आणि हसला. "पण लय घट्ट हाय. नवरदेवाच्या जोड्यासारखं. पाय गेला का निघत नाही."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मोटार पहिल्यांदा बंद पडली.

आधी काही वाटलं नाही. जुनी मोटार, थंडीचे दिवस. पण तिची एक चाल होती. घरून निघताना एकदम झकास. सात-आठ मैल गेली की आचके द्यायची, आणि चढावर दम तुटल्यासारखी थांबायची. मग श्रावण खाली उतरून सगळं शास्त्र करायचा. प्लग काढून फडक्याने पुसायचा, दातांत धरलेल्या पत्तीने पॉइंट घासायचा, कारबोरेटरची नळी तोंडाने फुंकायचा. शेवटी पेट्रोल किती आहे ते पाहायला टाकीचं झाकण काढून आत बांबूची काडी बुडवायचा. झाकण लावायचा, हँडल मारायचा, आणि मोटार सुरू. कधी वाटायचं प्लगने सुरू झाली, कधी वाटायचं पॉइंटने. झाकण तर काय, झाकणच. त्याकडे कुणाचं लक्ष जाणार?

बाबूजींचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते मागच्या सीटवर उपरणं गुडघ्यांवर घेऊन बसायचे आणि श्रावणच्या हातांकडे बघायचे.

"याच्याच हातानं बिघडते आन् याच्याच हातानं सुधरते," ते घरी येऊन म्हणाले. "असं कोणतं मशीन असते?"

"जुनी हाय ते," माय म्हणाली.

"जुनी होती त मांगल्या साली काहून नाही बिघडली? आता निवडणूक आली तवाच काहून?"

जिल्ह्याच्या एका सहकारी संस्थेची निवडणूक होती. बाबूजी उभे राहणार होते, आणि विरुद्ध आमच्याच गावच्या खालच्या टोलीतले महाजन. श्रावणचा साळा महाजनांच्या धानगिरणीवर कामाला होता. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, बाबूजींनाही कैक वर्षांपासून. पण त्या दिवसांत त्यांना ती नव्याने कळल्यासारखी झाली. श्रावण साळ्याकडे जेवायला गेला की ते मला विचारायचे, किती वेळ बसला होता. श्रावण हसला तर का हसला. गप्प राहिला तर का गप्प राहिला. घरातल्या हवेला तेव्हा कसला तरी राखाडी वास यायचा. मी स्वतःही कधी कधी श्रावणच्या हातांकडे बघू लागलो होतो, हे आता कबूल केलं पाहिजे.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाबूजींनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. मग घरातून लाखेची कांडी आणवली. आमच्याकडच्या पळसांवर लाख धरते, बांगड्यावाल्यांच्या उपयोगाची. ती दिव्यावर वितळवून त्यांनी झाकणाच्या साऱ्या कडेवर ओतली आणि तिच्यावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. जणू धानाचीच रास.

"हे झाकण नवं दिसून राहिलं," ते ठसा दाबताना म्हणाले. "कोणं बदलवलं?"

मी ओसरीत उभा होतो. श्रावणने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच जी. जुनं झिजलं होतं."

"मले न विचारता?"

"चुकलं जी, मालक."

बाबूजींनी फक्त मान हलवली, मनातल्या मनात एक गाठ मारल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला भंडाऱ्याला तीनच्या आत पोचायचं होतं. सकाळी निघालो असतो तर बैलगाडीनेही निम्मा रस्ता झाला असता, पण जोशींनी दुपारचा मुहूर्त काढून दिला होता आणि बाबूजी बारा वाजेपर्यंत फॉर्म मांडीवर घेऊन बसून राहिले. मोटार निघाली तेव्हा मायने दही दिलं. अड्याळपर्यंत काही झालं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, मध्ये लाखोरीच्या डाळीची हिरवी रोपं उगवलेली, बोडीच्या तळ्यावर बगळे. अड्याळ मागे पडलं आणि मोटारीने आचका दिला.

श्रावणने सगळं केलं. थंडीतही त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. "कारबोरेटरात पेट्रोल येऊन नाही राहिलं, मालक. टाकी खोलू द्या, पाहू द्या आत का हाय ते."

"टाकीले हात लावायचा नाही."

"जी, काडीच घालतो फकत."

"काल तुह्या डोळ्यादेखत भरली ना? मंग का पाहतो? तुले ठसा मोडायचा हाय."

एसटीची बस आली, धूळ उडवत. मी म्हणालो, बाबूजी, बसने जाऊ. ते म्हणाले, "उमेदवार का बसनं जाते? आता होतेच सुरू." बस गेली. शेतातली माणसं धक्का मारायला आली आणि दमून बांधावर बसली. दोनदा हँडल उलटं फिरलं. श्रावणने पंप खोलून पुन्हा बसवला. बाबूजींच्या हातातला फॉर्म घामाने मऊ पडत गेला. तीन वाजले, सव्वातीन झाले. मग बाबूजी हळूच उठले, मागे आले, खिशातून चाकू काढला आणि स्वतःच लाख फोडून झाकण फिरवलं.

मी त्यांच्या खांद्याला लागून उभा होतो. श्रावण बॉनेटमध्ये वाकलेला. बाबूजींना एका कानाने कमी ऐकू यायचं. तो आवाज फक्त मी ऐकला. टाकीने श्वास घेतला. बुडता माणूस वर येऊन घेतो तसा, खोल आणि घाईचा.

दुकानातून तेलाचा पिपा आणला की माय खिळ्याने त्याला दोन भोकं पाडायची. एका भोकाने तेल येत नाही, दुसऱ्याने वारा आत गेला पाहिजे, हे आमच्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. मला तर ते कॉलेजात दोन वर्षं फळ्यावर खडूने शिकवलं होतं. जुन्या झाकणात कुठं तरी बारीक छेद असणार. माझ्या झाकणात नव्हता. इतकंच. सगळं त्या एका श्वासात कळलं.

श्रावणने हँडल मारलं. मोटार पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"पाहा," बाबूजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तीन वाजले आन् झाली सुरू."

परतीच्या रस्त्यात मी चार वेळा तोंड उघडलं असेल. पण बाबूजींनी वाटेत दोन ठिकाणी मोटार थांबवून ओळखीच्यांना सांगितलं होतं की महाजनांनी आपला ड्रायव्हर फोडला. आता मी बोललो असतो तर बाबूजी साऱ्या जिल्ह्यात हसू झाले असते: पोराच्या मंडईपायी निवडणूक गेली, आणि आळ घेतला महाजनांवर. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझ्या नावाची भीती होती. बाबूजींचं नाव मी नंतर जोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींनी श्रावणला टाकी रिकामी करायला सांगितलं. पेट्रोल चोरलं नसेल तर मोजून दाखव. श्रावणने रबराची नळी टाकीत घातली, दुसरं टोक तोंडात घेऊन ओढलं, तोंडात पेट्रोल आलं की थुंकलं आणि नळी पिप्यात सोडली. धार तुटायची, तो पुन्हा ओढायचा. सात-आठ वेळा. पेट्रोल पुरेपूर भरलं. चोरी नव्हती. तेव्हा बाबूजी म्हणाले, मग फितुरीच असणार, आणि गावाबाहेरच्या देवीच्या पुजाऱ्याला निरोप गेला.

आमच्याकडे ती रीत होती. संशय असलेल्यांनी ओळीने बसायचं, पुजाऱ्याने मंतरलेले तांदूळ तोंडात घेऊन चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ज्याचे कोरडे निघाले तो खोटा. अंगणात तिघं बसलो: श्रावण, आमचा गडी माधव, आणि मी. मला बाबूजींनीच बसवलं होतं. "घरचा माणूसही चावते, मंग कोणी नाव ठेवणार नाही." उन्हं कोवळी होती. कुंपणापलीकडे निम्मं गाव जमलं होतं. पुजाऱ्याने लुचईचे तांदूळ मुठीत धरून ओठ हलवले आणि आमच्या तळव्यांवर टाकले.

"चावा."

मी चावले. माझं तोंड ओलं होतं. इतकं ओलं, की तांदळाला गोडी सुटली. मी घाबरलो नव्हतो, कारण माझ्यावर संशय घेणारं त्या अंगणात कुणी नव्हतं.

मी थुंकलो, पांढरा लगदा. माधव थुंकला, तसाच. श्रावणने बराच वेळ चावले. त्याचे ओठ सोललेले होते, जिभेवर पांढरे चट्टे. पानावर पडले ते कोरडे दाणे, अर्धे तर सबंध. ते पडल्याचा आवाज आला, टपटप.

"सकाळपासून पेट्रोल ओढलो ना जी तोंडानं," श्रावण म्हणाला. "थुंकी कुठून येईन?"

"तांदूळ पेट्रोल नाही पाहत," पुजारी म्हणाला.

मागून माय म्हणाली, "अवो, त्याचं तोंड त पाहा, सोललं सारं." तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

बाबूजींनी विचारलं, "झाकण तूच बदलवलं ना?"

तेव्हा श्रावणने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. लांबून येणारी बस आपलीच का, हे पाहावं तसं. मी पानावरच्या माझ्या लगद्याकडे पाहत राहिलो. एक माशी त्यावर येऊन बसली होती.

"हो जी," तो म्हणाला. "मीच."

त्याच दुपारी तो बायको आणि दोन लेकी घेऊन निघाला. सामान साळ्याने गिरणीच्या बैलगाडीवर नेलं, आणि लोक म्हणाले, पाहा, गाडी कोणाची आली ते.

ते गेल्यावर, सगळे जेवून पडले असताना, मी मायच्या डब्यातला खिळा घेतला आणि झाकणाच्या मधोमध एक भोक पाडलं. दोन घाव. पितळ मऊ असतं.

मोटार पुन्हा कधी बंद पडली नाही. नवा ड्रायव्हर आला, अनाडी, गिअर खरडणारा, पण ती धावत राहिली, अड्याळच्या पुढे, भंडाऱ्यापुढे, नागपूरपर्यंत. आणि गावाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? "श्रावण गेला आन् गाडी सुधरली," लोक म्हणायचे. पुढे कुणी फितुरी केली की म्हणायचे, श्रावणपणा केला. दर मैलाला मी पाडलेलं ते भोक त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं. तांदळाने त्याला एकदा खोटं ठरवलं होतं. मी त्याला रोज ठरवत होतो, आणि त्याच मोटारीत बसून लग्नाला गेलो, बारशाला गेलो, बाबूजींच्या अस्थी घेऊन गेलो.

संशयाचा वारसा मला मिळाला, पण उलटा. बाबूजींना वाटायचं, सगळे काही तरी लपवतात. मला वाटतं, सगळ्यांना कळलेलं आहे. माय शेवटच्या आजारात माझ्याकडे टक लावून बघायची. मी उठून उशी सारखी करायचो आणि बाहेर जायचो. बायको कधी सहज विचारते, "का विचार करून राहिले?" आणि मी तिच्या आवाजात काही दडलंय का ते शोधतो. माधव म्हातारा झाला, तरी मला पाहून पाटावरून उठतो. मला वाटतं, त्याने त्या दुपारी खिळ्याचा आवाज ऐकला असेल.

आठेक वर्षांनी एका सोयरिकीसाठी नाकाडोंगरीला गेलो होतो. बसस्टँडच्या टपरीवर चहा घेत असताना शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून एक माणूस हात पुसत आला. केस पिकलेले. मान तिरकी.

"बापू ना तुम्ही?"

"हो, श्रावणभाऊ."

"मालक?"

"गेले. दोन वर्षं झाली."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली. मग माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. लेकी कुठं दिल्या ते सांगितलं. इकडे आल्यावर खाणीच्या ट्रकवर लागायचं म्हणून गेला होता, पण आसगावची गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. कुणी स्टेअरिंग दिलं नाही. हे त्याने तक्रारीसारखं सांगितलं नाही. मग स्टुलावर पुढे सरकून बसला.

"गाडी हाय का जी?"

"आहे."

"बंद पडते?"

"नाही. तेव्हापासून नाही."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. भूक होती.

"मंग का होतं जी तिले? पॉइंट साफ होते. करंट होता. पंप मी माह्या हातानं खोललो. आजही पडल्या पडल्या मी तिले मनातच खोलतो आन् जोडतो, बापू. एक-एक नट. काही निघत नाही. तुम्ही दाखवलं असन ना नंतर कोण्या मिस्तरीले? का निघालं?"

शेजारी कुणी तरी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होतं. माझी बस लागली होती.

"काही कळलं नाही," मी म्हणालो.

"असं नाही होत." तो उठला. "मशीन हाय ते. काही त असतेच."

बसमध्ये बसल्यावर मी खिडकीतून पाहिलं नाही. त्यालाही आता किती तरी वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिकडून आलेल्या एकाने सांगितलं की म्हातारा अजून दुकानात बसतो, नजर गेली आहे, पण हाताने चाचपून पंक्चर काढतो. मी जाईन असं लिहीत नाही. जाणार म्हणून मी फार वेळा ठरवलं आहे, आणि माझ्या ठरवण्यावर मीच आता विश्वास ठेवत नाही.

श्रावणने विचारलं होतं, तिला काय झालं होतं. त्याचं उत्तर मी त्याला देणं लागतो, त्याच्या लेकींसमोर. आणि तेच उत्तर आसगावात, आमच्या अंगणात, त्या सकाळी कुंपणाबाहेर उभे होते त्यांच्यापैकी जे उरले आहेत त्यांच्यासमोर, माझ्या तोंडाने.